मोरेस्कीची तबकडी : एका ठाम दाव्याची उलटतपासणी

ऑपेरागायनाच्या इतिहासावर अधिकारवाणीने बोलणाऱ्या हौशी जाणकारांकडे एक ठरलेला नमुना असतो. जुनी, खरखरणारी तबकडी लावली जाते. पियानोची साथ आणि वर एक उंच, कापरा आवाज. बाईचा म्हणावा तर तसा वाटत नाही, लहान मुलाचा म्हणावा तर त्यात मोठ्या माणसाचं बळ आहे. मग सांगितलं जातं : ‘हा अलेस्सांद्रो मोरेस्की, ऑपेराचा शेवटचा कास्त्रातो. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा म्हातारा झाला होता, तरी ऐका. फरिनेल्ली हुबेहूब असाच गायचा.’

ऐकणारा भारावतो, आणि भारावण्यासारखं त्या आवाजात नक्कीच काही आहे. पण या तीन वाक्यांमधला प्रत्येक दावा वेगळा काढून तपासला की स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारा माणूस नेमका कुठे घसरतो ते उघडं पडतं. तो सगळंच खोटं सांगत नाही. तबकडी खरी आहे, गायक खरा आहे, कास्त्रातो असणंही खरं आहे. या तीन खऱ्या गोष्टींच्या जोरावर तो आणखी चार गोष्टी खपवतो, आणि त्या चारांना आधार नसतो.

आधी पार्श्वभूमी. वयात येण्याआधी अंडकोषांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ज्याचा आवाज फुटलाच नाही असा पुरुष गायक म्हणजे कास्त्रातो. फरिनेल्ली हा त्यांतला अठराव्या शतकातला सर्वांत गाजलेला. स्वरयंत्र जवळजवळ मुलाच्या मापाचं राहतं, बाकी शरीर मात्र वाढतं. पौगंडावस्थेतली संप्रेरकं न मिळाल्यामुळे हाडांची टोकं वेळेवर सांधत नाहीत, म्हणून हातपाय लांबतात आणि छातीचा पिंजराही मोठा होतो. लहान स्वरतंतू आणि मागे मोठ्या माणसाचा भाता, असा हा जोड. सतराव्या-अठराव्या शतकात इटालियन ऑपेराचा नायक बहुधा याच आवाजात गायचा. हँडेलच्या 1724 सालच्या ‘जूलियो चेझारे’मध्ये सीझरची भूमिका सेनेसिनो या कास्त्रातोची होती.

इथे मराठी श्रोत्याला बालगंधर्व आठवणं स्वाभाविक आहे, आणि ही तुलना आपल्याकडचे जाणकारही सर्रास करतात. ती चुकीची आहे. बालगंधर्व आवाज फुटलेले, प्रौढ पुरुष गायक होते आणि नायिका रंगवत होते. कास्त्रातो मुख्यतः राजे, सेनापती, प्रेमवीर रंगवत. रोममध्ये बायकांना रंगमंचावर बंदी असल्यामुळे तिथे स्त्रीभूमिकाही त्यांच्याकडे येत, पण त्यांची ख्याती उभी होती ती वीरांच्या भूमिकांवर.

आता दावा. ‘ऑपेराचा’ हा पहिलाच शब्द गळून पडतो, आणि त्यासाठी ध्वनिमुद्रण ऐकायचीही गरज नाही. मोरेस्कीचा जन्म 11 नोव्हेंबर 1858 चा, रोमजवळच्या मोन्ते कोम्पात्री गावातला. रोममध्ये गाएतानो कापोच्ची या चर्चसंगीतकाराकडे तो शिकला. 1883 मध्ये सिस्टाइन चॅपेल या व्हॅटिकनमधल्या पोपच्या प्रार्थनागृहाच्या गायकवृंदात सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाचा गायक म्हणून लागला आणि 1913 पर्यंत तिथेच राहिला. 1900 च्या ऑगस्टमध्ये राजा उंबेर्तोच्या अंत्यविधीत पँथिऑनमध्ये तो गायला. म्हणजे त्याची सगळी कारकीर्द प्रार्थनासंगीतात गेली. ऑपेराच्या रंगमंचाशी त्याचा संबंध नव्हता.

ऑपेरातला शेवटचा मोठा कास्त्रातो जोव्हान्नी बात्तिस्ता वेल्लुती. रोस्सिनीने 1813 मध्ये मिलानच्या ला स्कालासाठी लिहिलेल्या ‘आउरेलियानो इन पाल्मिरा’त तो गायला, आणि मायरबेरने 1824 मध्ये व्हेनिससाठी लिहिलेल्या ‘इल क्रोचातो इन एजित्तो’तली आर्मान्दोची भूमिका त्याच्यासाठीच होती. कास्त्रातोसाठी लिहिलेली ऑपेरातली ही शेवटची मोठी भूमिका मानली जाते. ती रंगमंचावर आली तेव्हा मोरेस्कीच्या जन्माला 34 वर्षं अवकाश होता. वेल्लुती 1861 मध्ये वारला. मोरेस्की तेव्हा दोन वर्षांचा होता. ही वर्षं कुठल्याही बऱ्या संगीतकोशात मिळतात. तरीही ‘ऑपेराचा शेवटचा कास्त्रातो’ हे शब्द सुखाने नांदतात, कारण ‘चर्चचा गायक’ म्हटलं की त्या तबकडीची निम्मी जादू उतरते.

‘शेवटचा’ या शब्दाचंही जरा सांभाळून घ्यावं लागतं. 1902 मध्ये सिस्टाइन वृंदात मोरेस्की एकटा नव्हता. दोमेनिको साल्वातोरी, जोव्हान्नी चेझारी, व्हिन्चेन्झो सेबास्तिआनेल्ली हे त्याचे सहकारीही कास्त्रातो होते. वृंदाचा जुना प्रमुख दोमेनिको मुस्ताफाही कास्त्रातोच. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पोप लिओ तेरावे यांनी वृंदात नवे कास्त्रातो घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि नोव्हेंबर 1903 मध्ये पोप पायस दहावे यांनी चर्चसंगीतावर जो आदेश काढला त्यात उंच आवाजांसाठी मुलं घ्यावीत असं स्पष्ट केलं. मोरेस्कीबद्दल खात्रीने म्हणता येतं ते असं : ज्याच्या एकट्याच्या गाण्याच्या तबकड्या आपल्याकडे आहेत असा एकमेव कास्त्रातो. हे विधान काही लहान नाही. त्याला फुगवायची गरजच नव्हती.

‘म्हातारा झाला होता’ याचा निकाल साध्या वजाबाकीने लागतो. पहिली ध्वनिमुद्रणं एप्रिल 1902 ची, दुसरी एप्रिल 1904 ची. मोरेस्की तेव्हा 43 आणि 45 वर्षांचा होता. त्याच काळात फ्रान्चेस्को तामान्यो, व्हेर्दीचा पहिला ओथेल्लो, 52 व्या वर्षी ध्वनिमुद्रणाला उभा राहिला, आणि आदेलिना पात्ती 1905 मध्ये 62 व्या वर्षी. चाळिशीतला आवाज म्हातारा म्हणायचं कारण वेगळंच आहे. त्या तबकड्यांमध्ये काही ठिकाणी सूर हलतो, काही स्वर ढकलल्यासारखे येतात. जाणकाराला या उणिवा ऐकू येतात, पण ‘फरिनेल्ली असाच गायचा’ हे वाक्यही सोडवत नाही. मग वयावर खापर फोडलं की दोन्ही जमतं.

उणिवांची खरी कारणं शोधायला तबकडी कशी तयार झाली तिकडे जावं लागतं. ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग आणि त्याचा भाऊ विल 1902 च्या वसंतात इटलीत होते. 11 एप्रिलला मिलानच्या हॉटेलात इटालियन ऑपेरागायक कारुसोच्या दहा बाजू त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, शंभर पौंडांत. त्याच महिन्यात रोममध्ये सिस्टाइनच्या गायकांचं काम केलं. दोन वर्षांनी सिंकलर डार्बी या दुसऱ्या ध्वनिमुद्रकाने पुन्हा तिथेच. दोन्ही खेपांच्या मिळून सतरा बाजू मोरेस्कीशी जोडल्या जातात, पण त्यांतल्या सगळ्या एकट्याच्या नाहीत; काहींत तो वृंदाबरोबर आहे. याच फ्रेड गैसबर्गने 1902 च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. म्हणजे मोरेस्की आणि गौहर जान यांच्यामधलं अंतर तंत्राच्या दृष्टीने काही महिन्यांचं आहे, आणि आपल्याकडच्या पहिल्या तबकड्यांना जे रोग आहेत तेच मोरेस्कीच्या तबकड्यांनाही आहेत.

मायक्रोफोन नाही, तो 1925 मध्ये आला. गायक कर्ण्यासमोर उभा राहतो, आवाजाच्या दाबाने पडदा हलतो, सुई मेणात खाच पाडते. ही यंत्रणा सेकंदाला साधारण दोनशे ते दोन हजार कंपनांपर्यंतचा पट्टा जेमतेम पकडते. खालचा भराव जातो. वरचा चकाकणारा भागही जातो, आणि तोच मोठ्या सभागृहात आवाज पोचवतो. ‘स’, ‘च’सारखी व्यंजनं पुसट होतात. जोराचा स्वर आला की खाच फुटते, म्हणून गायकाला मागे सारायचं, हळू स्वराला पुढे ओढायचं. मेणाची मूळ वडी वाजवून बघता येत नव्हती, कारण वाजवली की ती बिघडे. म्हणजे गायकाला स्वतःची चूक ऐकून सुधारायची सोय नाही. दहा इंची तबकडीत तीनेक मिनिटं बसतात, त्यात गाणं कापूनकुपून घालायचं.

या पार्श्वभूमीवर फरिनेल्लीच्या नावाशी जोडलेली सगळ्यात मोठी खासियत पाहू. एकाच स्वरावर अगदी बारीक आवाजाने सुरुवात करायची, हळूहळू फुलवत पूर्ण जोरावर न्यायचं आणि तितक्याच सावकाश परत बारीक करायचं. इटालियन परंपरेत याला मेस्सा दी व्होचे म्हणतात, आणि अठराव्या शतकातला इंग्लिश संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी याच्या लेखनात फरिनेल्लीच्या या करामतीचं वर्णन आहे. कर्ण्याच्या यंत्रणेत बारीक स्वर नोंदलाच जात नाही आणि मोठा स्वर खाच फोडतो. गायकाने ते केलं असतं तरी तबकडीवर ते उतरलं नसतं. मग ‘हुबेहूब असाच’ हे कशाच्या आधारावर?

आता वेग. या एका मुद्द्यावर जाणकाराची पारख होते, म्हणून इथे थोडं थांबू.

‘सेव्हन्टी-एट’, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांची, हे नाव त्या काळच्या सगळ्या तबकड्यांना सरसकट चिकटलं आहे. 1902-04 मध्ये असा ठराविक वेग अस्तित्वात नव्हता. चावीची किंवा वजनावर फिरणारी मोटर, तिचा वेग ध्वनिमुद्रक हाताने लावायचा. सत्तरच्या आतबाहेरपासून ऐंशीपर्यंतच्या तबकड्या सापडतात. एकाच तबकडीत सुरुवातीचा आणि शेवटचा वेग वेगळा असण्याचीही उदाहरणं आहेत. 78.26 हा आकडा पुढे वीजमोटरी आल्यावरचा : 3600 फेऱ्यांची मोटर, 46 दातांची गिअरजोडी. मोरेस्कीच्या तबकडीला तो लावणं म्हणजे पुढच्या पिढीचं माप मागच्या पिढीला लावणं.

फरक किती पडतो? 70 फेऱ्यांवर घेतलेली तबकडी 78 वर वाजवली तर सगळं 1.87 अर्धस्वर वर चढतं. हार्मोनिअमवर सांगायचं तर काळी चारमधलं गाणं जवळजवळ काळी पाचमध्ये ऐकू येतं. तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत संपतं. सेकंदाला साडेपाच आंदोलनं असलेला कंप सहाच्या वर जातो, म्हणजे आवाज जास्त कापरा वाटतो. आणि सगळ्यात फसवं म्हणजे स्वरांचा रंग बदलतो : ‘आ’, ‘ओ’ यांना आकार देणारा तोंडाचा आणि घशाचा अनुनादही त्याच प्रमाणात वर सरकतो, त्यामुळे मोठ्या माणसाचं डोकं लहान झाल्यासारखा आवाज येतो. कापरा, बारीक, मुलासारखा, अमानवी! मोरेस्कीच्या आवाजाचं जाणकार जे वर्णन करतात त्यातलं नेमकं किती मोरेस्कीचं आणि किती चुकीच्या वेगाचं, हे वेग ठरवल्याशिवाय सांगताच येत नाही.

वेग ठरवायची पद्धत अवघड नाही, चिकाटी लागते. मोरेस्कीच्या 1902 च्या तबकड्यांपैकी एक आहे रोस्सिनीच्या ‘पेतीत मेस सोलानेल’ या मासमधलं, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीसाठीच्या संगीतरचनेतलं, ‘क्रुचिफिक्सुस’. छापील संहितेत ते ए-फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या काळी चारवर षड्ज. प्रथम हातातल्या प्रतीचा वेग शोधायचा : तबकडीवरून डिजिटल रूपांतर करताना कुठला वेग धरला ते लिहिलंय का? नसेल तर तिथेच थांबायचं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मग पियानोचा एखादा लांब धरलेला स्वर निवडायचा. गायकाचा निवडायचा नाही. गायक वरखाली होतो, पियानो त्या तीन मिनिटांत होत नाही. ट्यूनरवर त्याची कंपनं मोजायची, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. दोन्ही मापांत फरक आला तर मोटर मंदावली किंवा चढली असं समजायचं.

यापुढचं गणित समजण्यापुरतं कल्पित आकड्यांनी मांडतो. हे त्या तबकडीचं प्रत्यक्ष माप नव्हे. समजा 78 वर ऐकताना षड्ज काळी पाचच्या किंचित खाली, म्हणजे काळी चारच्या 1.87 अर्धस्वर वर आला. मूळ गाणं संहितेतल्या पट्टीतच गायलं असेल तर वेग 70. पण गायकाने अर्धा स्वर चढवून पांढरी सहामध्ये गायलं असेल, तर उरलेला फरक फक्त 0.87 आणि वेग साधारण 74.2. आणि पट्टी तीच, पण रोममधला पियानो (पांढरी सहाच्या स्वराला सेकंदाला) आजच्या 440 कंपनांऐवजी 435 वर लावलेला असेल तर वेग 69.2 च्या आसपास. इथे एक गोष्ट लख्ख दिसते. जाणकार मंडळी 432, 435, 440 यांवरून हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणाने वेगात एका फेरीच्या आसपासचा फरक पडतो. गायकाने पट्टी बदलली होती का, या प्रश्नाने चार फेऱ्यांचा फरक पडतो. तो प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

पट्टीचा प्रश्न सोडवायला एक तबकडी पुरत नाही. त्याच बैठकीतल्या मागच्या-पुढच्या ठसेक्रमांकांच्या तबकड्या घ्याव्या लागतात. हा क्रमांक लेबलाजवळच्या मोकळ्या कड्यात कोरलेला असतो, आणि त्याच्या शेपटीच्या अक्षरावरून तबकडीचा आकार व ध्वनिमुद्रक कळतो. एकाच दुपारी घेतलेल्या पाच बाजूंना साधारण एकच वेग असणार. एखादा वेग धरल्यावर पाचही गाणी कुठल्या ना कुठल्या पटणाऱ्या पट्टीत येऊन बसतात, दुसरा धरल्यावर दोन बसतात आणि तीन अधांतरी राहतात. पाचही बसतील तो वेग घ्यायचा, आणि तोही ‘71 ते 73’ अशा पल्ल्यात लिहायचा. शेवटची चाचणी कानाची : इटालियन ‘आ’ उघडा आणि मोठ्या माणसाचा वाटतो का. ही चाचणी शेवटी ठेवायची, पहिली नाही. पहिली ठेवली तर आपल्याला हवा तो आवाज येईपर्यंत माणूस वेग फिरवत बसतो. त्यातूनच एकाच तबकडीच्या दोन परस्परविरोधी ‘अस्सल’ प्रती जन्माला येतात.

पुढे येतो ‘फरिनेल्ली हुबेहूब असाच गायचा’ हा कळसाचा दावा. फरिनेल्ली, म्हणजे कार्लो ब्रोस्की, 1705 चा जन्म, 1782 चा मृत्यू. त्याच्या मृत्यूनंतर 76 वर्षांनी मोरेस्की जन्मला. इथे जाणकार परंपरेचा हवाला देतात : गुरूकडून शिष्याकडे जसंच्या तसं आलं. फरिनेल्लीचा गुरू नेपल्सचा पोर्पोरा, ऑपेराचा संगीतकार. मोरेस्कीचा गुरू कापोच्ची, रोमच्या चर्चचा. या दोघांमध्ये सलग दुवे कुणी दाखवत नाही.

आणि दुवे असते तरी? याची चाचणी आपल्याच संगीतात घेता येते. अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. तिघांचीही ध्वनिमुद्रणं आहेत, तिघंही थेट तालमीने जोडलेले, घराणं एकच. तिघांना पाठोपाठ ऐकावं. सुराची ओढ एक आहे, बढतीची शिस्त ओळखीची आहे. पण आवाजाचा लगाव, दमसास, तानेचा धक्का, गाण्याचा एकूण स्वभाव प्रत्येकाचा वेगळा. फक्त भीमसेनजी ऐकून कुणी ‘खाँसाहेब हुबेहूब असेच गायचे’ म्हणाला तर किराण्याचा साधा श्रोताही त्याला गप्प करील. तिथे दोन टप्पे आहेत, जिवंत तालीम आहे. फरिनेल्ली आणि मोरेस्की यांच्यामध्ये पाऊणशे वर्षांची पोकळी आहे, संगीताचा प्रकार वेगळा आहे आणि मध्ये अख्ख्या एकोणिसाव्या शतकभर युरोपचं गाणं बदललेलं आहे. मोरेस्की स्वरावर येताना पुष्कळदा खूप खालून एक कण घेऊन उसळी मारतो, हुंदका दिल्यासारखी. त्याच्या शैलीत तोस्तीसारख्या त्याच्या काळच्या गीतकाराचा गोडवा आहे. 1904 मध्ये त्याने तोस्तीचं ‘इदेआले’ गायलं आहेच. हे 1900 च्या सुमाराचं रोम आहे. 1730 चं नेपल्स त्यात शोधणं व्यर्थ.

फरिनेल्लीबद्दल पुरावाच नाही असं मात्र नाही. जर्मन बासरीवादक क्वान्त्झने त्याला 1720 च्या दशकात इटलीत ऐकून त्याच्या आवाजाचं आणि गळ्याच्या फिरतीचं वर्णन लिहिलं. बर्नी 1770 मध्ये बोलोन्यात त्याला भेटला; पण फरिनेल्ली तेव्हा 65 वर्षांचा निवृत्त माणूस होता, आणि रोममधल्या तुतारीवाल्याशी झालेल्या स्वरयुद्धाची प्रसिद्ध कथा ही तरुणपणची, अर्ध्या शतकाने सांगितलेली. जाणकार ही कथा सगळ्यात आधी सांगतात. सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्या तोंडून क्वचित येतो : फरिनेल्लीने 1753 मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाला पाठवलेलं हस्तलिखित, ज्यात आरियांमध्ये, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांमध्ये, त्याच्या जागा, हरकती, शेवटच्या ताना स्वरलिपीत लिहिलेल्या आहेत. ते व्हिएन्नात जपलेलं आहे. फरिनेल्लीने कुठे काय घेतलं हे कळतं ते या पानांवरून. आवाजाचा पोत त्यातही नाही, पण तो मोरेस्कीच्या तबकडीतही नाही.

याच दाव्याचा एक बनावट भाऊही फिरत असतो. फरिनेल्लीवरच्या 1994 च्या चित्रपटातला आवाज ‘कास्त्रातोचा आवाज’ म्हणून ऐकवला जातो. तो एका माणसाचा आवाजच नाही. डेरेक ली रॅगिन हा काउंटरटेनर (बायकांच्या उंचीच्या पट्टीत गाणारा पुरुष गायक) आणि एव्हा मावास-गोदलेव्स्का ही सोप्रानो, या दोघांचं गाणं पॅरिसच्या इर्काम या संस्थेत संगणकावर सांधून तो तयार केला गेला. ज्यांनी तयार केला त्यांनी ते लपवलेलं नाही. तरी तोच तुकडा मोरेस्कीशेजारी ठेवून ‘बघा साम्य’ म्हणणारे भेटतात.

आकड्यांचंही तसंच. ‘इटलीत दरवर्षी चार हजार मुलांवर शस्त्रक्रिया होत’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक व्याख्यानात येतं. इतिहासकार जॉन रोसेली यांनी कास्त्रातो गायकांचा एक व्यवसाय म्हणून अभ्यास केला, तेव्हा भरभराटीच्या काळातही इटलीत एका वेळी हयात असलेले कास्त्रातो काही शेकड्यांत असावेत असा अंदाज त्यांनी मांडला. वर्षाला चार हजार आणि एका वेळी काही शेकडे यांचा मेळ कसा घालायचा, एवढं विचारलं तरी पुरे.

या सगळ्यावरून ‘हौशी माणसाचं ऐकूच नये’ असा अर्थ कुणी काढला तर ते अन्यायाचं होईल. जुन्या तबकड्यांचं जे विश्वासार्ह ज्ञान आज आहे, त्यातला मोठा भाग संग्राहकांनी उभा केला आहे. ग्रामोफोन कंपनीच्या इटालियन तबकड्यांची क्रमांकवार सूची ॲलन केली यांनी लावली; भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांसाठी तेच काम मायकेल किनिअर यांनी केलं; मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी लेबलं, क्रमांक, तारखा जुळवण्यात वर्षं घातली. यांच्याकडे विद्यापीठाचा शिक्का आहे की नाही हा प्रश्न गौण आहे. ते एखाद्या तबकडीबद्दल बोलतात तेव्हा आधी क्रमांक सांगतात, मग जागा, मग तारीख, मग वेग आणि तो कसा ठरवला. गाण्याबद्दलचं मत सगळ्यात शेवटी येतं, आणि ते मत म्हणूनच येतं. अर्धवट जाणकाराचा क्रम बरोबर उलटा असतो : आधी मत, मग कथा, मग एखादं प्रसिद्ध नाव. क्रमांक आणि वेग विचारले की तो चिडतो किंवा ‘कान असावा लागतो’ म्हणतो. कान असावा लागतोच. पण चुकीच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर उत्तम कानही चुकीचंच ऐकतो.

म्हणून कुठल्याही श्रवणसत्रात मोरेस्की ऐकवायचा असेल तर टिपण साधारण असं लिहावं : ‘अलेस्सांद्रो मोरेस्की (1858–1922), सिस्टाइन चॅपेलचा सोप्रानो, कास्त्रातो. रोस्सिनीच्या 1864 मध्ये प्रथम सादर झालेल्या मासमधलं क्रुचिफिक्सुस, पियानोच्या साथीने. ध्वनिमुद्रण रोम, एप्रिल 1902, ग्रामोफोन कंपनीसाठी, कर्ण्याच्या पद्धतीने. ठसेक्रमांक अमुक. या प्रतीत वेग अमुक ते अमुक फेऱ्या धरला आहे, कारण त्या वेगाने पियानोची पट्टी अमुक येते आणि त्याच बैठकीतल्या इतर बाजूंशी ती जुळते.’ जमलं तर तेच गाणं आधी 78 वर आणि मग ठरवलेल्या वेगावर, असं दोनदा वाजवावं. पहिल्यांदा जो कापरा, परका आवाज ऐकू येतो त्यातला बराच भाग दुसऱ्या वेळी उतरतो, आणि उरतो तो पंचेचाळिशीच्या आतला, चर्चमध्ये वाढलेला, कर्ण्यासमोर अवघडलेला एक गायक. काही ओळींत सूर निसटणारा आणि काही ओळींत, विशेषतः लांब धरलेल्या वरच्या स्वरांवर, विलक्षण ताकदीचा. त्या स्वरांवर हवी तितकी चर्चा करावी. फरिनेल्लीचा विषय निघालाच तर व्हिएन्नातल्या हस्तलिखिताचं एखादं पान समोर ठेवून तो वेगळा घ्यावा.